वारा तिथं, गहू इथं

लढाईच्या दिवसांत राहुरीजवळच्या एका खळ्यात एक शेतकरी मला एकदाच भेटला. तिवईवर उभा, हातात मळलेल्या गव्हाची पाटी. आभाळ भरून आलेलं आणि वारा पडलेला. पावसाआधी उफणणी झाली नाही, तर वर्षाचा गहू भिजणार होता.

धीर द्यावा म्हणून मी म्हणालो, "गुरू ग्रहाच्या मधल्या पट्ट्यात ताशी अडीचशे मैल वारा वाहतो."

त्यानं बोट ओलं करून हवेत धरलं. "तितं उफनतंय कोन?"

"तिथं माणूसच नाही."

"म्हंजी वारा तितं आन गहू हितं! देवाला वाटनी जमली न्हाई, मास्तर."

एवढ्यात झुळूक आली. "मैल ऱ्हाऊ द्या, पाटी भरा!" तो ओरडला.

मी कोट काढला. झुळकीचा वेग मोजायचा राहिला. पाट्या मात्र एकेचाळीस भरल्या.