टाचेचा ओला ठसा

सत्तर सालानंतरच्या त्या वर्षांत मी शहागडजवळच्या एका गावी प्राथमिक शाळेत शिक्षिका होते आणि माझी मुलगी त्याच शाळेत पहिलीत बसत असे. तिचा उजवा पाय चवड्यावर टेके. टाच जमिनीला लागत नसे. सकाळी अंघोळ करून ती न्हाणीतून बाहेर आली की मी शहाबादी फरशीवरचे ओले ठसे पाहत असे. डाव्या पावलाचा ठसा पूर्ण उमटे. उजव्याची फक्त बोटे आणि चवडा. मग फरशी पुसून मी शाळेच्या तयारीला लागे.

तिला पोलिओ झाला, असेच गाव समजत असे. शेजारच्या मावशी म्हणत, "बाई, एकदा जांबच्या देवाला नेऊन आना. पाय बराबर व्हतो." नेऊन आणले, पाय तसाच राहिला. पुढे औरंगाबादच्या डॉक्टरांनी समजावले की हा पोलिओ नव्हे. जन्माच्या वेळी मेंदूला इजा झाली होती. पाय मुळात चांगलाच होता. पण पोटरीच्या स्नायूला सैल होण्याची आज्ञा मेंदूकडून नीट पोहोचत नाही, म्हणून तो ताठ राहतो आणि टाच वर ओढून धरतो.

"या आजारात पावले वाकडी होणे अगदी नेहमीचे आहे," ते म्हणाले. "बाहेर बाकावर पाहा."

मी पाहिले. कुणाची टाच उचललेली, कुणाचे पाऊल आत वळलेले, कुणाचे बाहेर पसरून सपाट झालेले. बाकावरच्या आया एकमेकींच्या मुलांच्या पायांकडे पाहत होत्या, चेहऱ्यांकडे नाही. आपण एकट्या नाही हे कळून मला धीर यायला हवा होता. मला फक्त बसावेसे वाटले, आणि बाकावर जागा नव्हती.

प्लास्टर बदलत बदलत टाच खाली आणली गेली. त्यानंतर लोखंडी पट्ट्यांचे बूट मिळाले. ते दिवसभर घालायचे, नाहीतर स्नायू परत आखडणार. आमच्या शाळेत मात्र चपला वर्गाबाहेर काढण्याचा नियम होता. त्या रांगेत लावायला मुलांना मीच शिकवले होते.

"बाई, एकीला सूट दिली तर उद्या सगळेच बूट घालून बसतील," हेडमास्तर म्हणाले.

"सर, गावात बूट आहेत कुणाकडे?"

ते हसले, पण नियम सोडेनात. शेवटी मी जुन्या धोतराच्या दोन खोळी शिवल्या. वर्गाच्या दारात त्या बुटांवर चढवायच्या. मुलीने त्या उलटसुलट करून पाहिल्या.

"आई, बुटाला बी थंडी वाजती का?"

वर्गातल्या सारवलेल्या जमिनीवर खोळी रोज मळत. संध्याकाळी मी त्या धुऊन दोरीवर टाकी. मग तिचा गुडघा सरळ ठेवून, टाच तळहातात धरून पाऊल वर ताणायचे आणि तसेच धरून ठेवायचे. तेवढ्यात मला बसल्या बसल्या डुलकी लागे.

फरशीवर टाच उमटू लागली. परंतु डॉक्टरांनी हेही सांगून ठेवले होते, की हाड ज्या वेगाने वाढते त्या वेगाने असा स्नायू वाढत नाही. मूल उंच झाले की टाच पुन्हा उचलली जाऊ शकते. मूल वाढले की इतर आया कौतुकाने सांगत. मी तिच्या झग्याची दुमड उसवून खाली सोडी आणि तिची टाच पाहून घेई.

दिवाळीनंतर झगा आखूड झाला. एका सकाळी टाचेच्या जागी फरशी कोरडी होती. मी तिला पाय भिजवून परत चालायला लावले. तसेच.

"पुन्हा प्लास्टर?" तिने विचारले.

"हो. मागे खाली आली होती, आताही येईल."

तिने थोडा विचार केला. "प्लास्टरवर बूट बसत न्हाई. मंग खोळी धुवायची तुला सुट्टी."

मी दोरीवरच्या खोळी काढल्या, त्यांच्या घड्या घातल्या आणि पेटीत सगळ्यांत वर ठेवल्या, लागतील तेव्हा लगेच सापडाव्यात म्हणून.