तठे शे…

इथले अनुभव मी बरेच दिवस वाचते आहे. लिहायला मात्र आजच बसले. खरं सांगू, वाचतानासुद्धा मी मनात कारणं शोधायचे — ह्याची झोप झाली नसेल, तिला ताप असेल, वाऱ्याने दार वाजलं असेल. भूतबीत ह्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. आजही आहे असं म्हणवत नाही. पण जे झालं ते भरदुपारी, माणसांनी भरलेल्या हॉलमध्ये, माझ्यापासून हातभर अंतरावर झालं. त्यामुळे झोपेवर आणि वाऱ्यावर ढकलता येत नाही…

मी सुरतची. मूळचे आम्ही धुळ्याकडचे, पण पप्पा लूमवर कामाला आले आणि मी सुरतेतल्या डिंडोलीत, मराठी लोकांच्या वस्तीत वाढले. घरात अहिराणी, शाळेत मराठी, बाजारात गुजराती. मुलांच्या संरक्षणाचं काम बघणाऱ्या सरकारी यंत्रणेत मी समुपदेशक आहे. घरातून पळालेली, कामाला जुंपलेली, कधी स्वतःच काही गुन्हा करून बसलेली मुलं आमच्याकडे येतात, त्यांच्याशी बोलायचं, हे माझं काम. अशा मुलांची नावं सांगायची नसतात, म्हणून ह्यातल्या बहिणींना मी सुमन आणि राणी म्हणते. बाकी नावंही बदललीत.

मागच्या हिवाळ्यात आमचं ट्रेनिंग होतं. अठवा लाईन्समधल्या एका सरकारी इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर. पोलीस स्टेशनांमध्ये मुलांच्या केसेस बघणारे अधिकारी, बालगृहांचे अधीक्षक आणि आमच्यासारखे समुपदेशक असे सगळे एकत्र. शिकवायला रश्मीबेन होत्या. साठी ओलांडलेल्या, पांढऱ्या केसांच्या, सुती साडी नेसणाऱ्या. पूर्वी दुसऱ्या एका जिल्ह्यात त्या समितीवर होत्या — सापडलेल्या मुलाला घरी पाठवायचं की बालगृहात ठेवायचं, हे ठरवणारी समिती. त्या कधी आवाज चढवत नसत, पण त्या बोलायला लागल्या की डीएसपी साहेबसुद्धा मोबाइल खाली ठेवायचे.

जेवणात पुरी-शाक आणि छास. मग सगळ्यांचे डोळे मिटायला लागले, म्हणून रश्मीबेननी रोल-प्ले काढला. एकाने मूल व्हायचं, एकाने अधिकारी. मूल झाल्या हेतलबेन. त्या पोलीस सब-इन्स्पेक्टर, अमरेलीकडच्या, सुरतला नुकत्याच बदलून आलेल्या. उंच, खणखणीत आवाजाच्या. मराठीचा त्यांना गंध नव्हता. सकाळीच मला विचारत होत्या की डिंडोलीत ड्युटी लागली तर लोकांशी बोलायचं कसं! अधिकारी झाले मी.

हेतलबेनना सांगितलेली गोष्ट साधी होती. स्टेशनवर एकटी सापडलेली मुलगी, घाबरलेली, काही सांगत नाही. त्या छोट्या स्टुलावर बसल्या, ओढणीचं टोक तोंडात धरलं आणि सगळा हॉल हसला. त्याही हसल्या. मी शिकवल्याप्रमाणे खाली सतरंजीवर बसले, म्हणजे मुलापेक्षा उंच दिसायला नको. गुजरातीत नाव विचारलं, भूक लागली का विचारलं. त्या गुजरातीतच लाडिक आवाजात "ना, बेन" म्हणाल्या. परत हशा.

मग मी म्हटलं, "तुला ज्या भाषेत बोलायचं असेल त्या भाषेत बोल. घाई नाही."

हेतलबेननी ओढणी तोंडातून काढली. मान खाली घातली. आणि म्हणाल्या,

"मनी बहीन तठे शे."

माझी बहीण तिथे आहे. शुद्ध अहिराणी. आमच्या शेजारच्या बायका बोलतात तशी, सूर सुद्धा तोच. आवाज हेतलबेनचाच होता बरं का, कुठला दुसरा आवाज वगैरे नाही. फक्त त्यातला खणखणीतपणा गेला होता. दम लागल्यासारखा झाला होता.

मला वाटलं, कुणीतरी शिकवलंय, गंमत चाललीय. पण माझ्या तोंडातूनही आपोआप घरची भाषा निघाली. "कोठे शे तुनी बहीन?"

"तठे शे. माडीवर शे. मयीना वास येस तठे." मळीचा वास. साखर कारखान्यातून येतो तो. "दारनी समोर मोडेल ट्रॅक्टर शे. राणी धाकली शे, तिले काही समजत नही. सकाय तिले लई जातीन."

उद्या तिला घेऊन जातील.

"कोन लई जाई?"

"मावशी." मग बराच वेळ नुसतं, "तठे शे… तठे शे…"

हॉलमध्ये कुणी हसत नव्हतं, पण घाबरलेलंही नव्हतं. त्यांना वाटत होतं, बाई काय अ‍ॅक्टिंग करतेय! रश्मीबेन तेवढ्या पुढे आल्या आणि पाण्याची बाटली हेतलबेनच्या हाताला लावली. हेतलबेननी ती बाजूला सारली. रागाने नाही… कंटाळून. जणू हे खूपदा झालं होतं. आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "मी सांगं व्हतं. कोनी आयकं नही."

मी सांगितलं होतं. कुणी ऐकलं नाही.

लगेच त्यांनी मान वर केली, इकडेतिकडे बघितलं आणि आपल्या नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "बस ने, बेन? केटलुं रडवानुं?" बस ना, किती रडायचं? टाळ्या वाजल्या. रश्मीबेननी मात्र टाळी वाजवली नाही.

मी त्यांना बाहेर जिन्याजवळ गाठलं. हेतलबेनलाही हाक मारली. त्या म्हणत होत्या की आपण गुजरातीतच बोललो, दिलेल्या गोष्टीप्रमाणे. "मराठी? मने क्यां आवडे छे!" मला कुठे येते, म्हणून हसल्या. मग मी एकेक वाक्य सांगायला लागले, तसं त्यांचं हसू गेलं. कठड्याला धरून उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "मला फक्त गुळासारखा वास आला होता. वाटलं खाली कुणी चिक्की बनवतंय."

"मी हे कुणाला काय सांगू?" मी रश्मीबेनना विचारलं. "कळलं कसं म्हणून विचारलं तर?"

रश्मीबेननी हातातली पाण्याची बाटली कठड्यावर ठेवली. मग म्हणाल्या, "ज्योती, मूल धोक्यात आहे अशी खबर मिळाली तर आपण काय करतो?"

"आधी जाऊन बघतो."

"मग जा. खबर कुणी दिली ते मागाहून बघू."

त्यांनीच फोन लावले. तासाभरात आम्ही निघालो. हेतलबेन साध्या ड्रेसवर, दोन स्थानिक पोलीस, आणि भाषेसाठी मी. मळीचा वास म्हटल्यावर माझ्या डोक्यात एकच नाव आलं होतं, सुरतजवळचं साखर कारखान्याचं चलथाण. वाटेत मला सारखं वाटत होतं की काही सापडणार नाही, आणि सापडू नये असंही वाटत होतं. सापडलं तर मी काय समजायचं?

कारखान्याच्या बाजूला वस्तीत शिरलो तेव्हा उन्हं कलली होती. वासाने नाक भरलं होतं. चार गल्ल्या फिरलो. एका पत्र्याच्या माडीच्या घरासमोर चाकं काढलेला ट्रॅक्टर उभा होता, त्यावर गोधड्या वाळत घातलेल्या. हेतलबेननी माझा दंड असा धरला की दुसऱ्या दिवशीही दुखत होता.

दारात बाई आली. आमच्याकडचीच. "आठे कोनी पोर नही," म्हणाली. इथे कुणी पोर नाही. आम्ही अजून पोरीचं नावही काढलं नव्हतं.

राणी माडीवर होती. आठ-नऊ वर्षांची. साड्यांवर टिकल्या चिकटवत बसली होती, बोटं डिंकाने कडक झालेली. कोपऱ्यात तिची पिशवी बांधून ठेवलेली. दुसऱ्या दिवशी तिला कुणाबरोबर तरी दूर, कामाला धाडायचं ठरलं होतं. ती रडली नाही, प्रश्न विचारले नाहीत. हेतलबेननी हात पुढे केला, तो धरून खाली आली.

"आणि मोठी कुठे आहे?" मी त्या बाईला, म्हणजे त्यांच्या मावशीला विचारलं. मला वाटत होतं की मोठी पळाली असेल, कुठेतरी असेल, कशीतरी तिनेच निरोप पोचवला असेल… अजूनही मी कारणच शोधत होते.

बाई आत वळली. शेजारीण बोलली, माझ्या कानाशी, राणीला ऐकू जाऊ नये म्हणून. "सुमन ना? ती तं दिवाईना आधीच गई. ताप डोकामा गया. दवाखानामा नेतनेत गई." राणीला सांगितलं होतं की ताई गावाला गेली.

म्हणजे आम्ही हॉलमध्ये बसलो होतो, तेव्हा सुमनला जाऊन महिने झाले होते.

पुढे केस झाली, ती चालू आहे, त्यावर लिहिणार नाही. पण एक गोष्ट सांगायलाच हवी. त्या बाईच्या मोबाइलमधला सुमनचा फोटो मी दुसऱ्या दिवशी रश्मीबेनना दाखवला. त्यांनी चष्मा लावला, काढला, परत लावला. आणि फोन उलटा करून मांडीवर ठेवला.

आदल्या वर्षी ही मुलगी त्यांच्यासमोर बसली होती. रेल्वेत चढून त्या जिल्ह्यातल्या एका स्टेशनवर उतरली होती, पोलिसांनी समितीपुढे आणलं होतं. हिंदी विचारलं, गुजराती विचारलं, तिला जमेना. नुसती रडत एकच काहीतरी म्हणत होती. मग हीच मावशी आली, कागदपत्रं दाखवली, आणि सगळं ठीक वाटून मुलगी तिच्या ताब्यात दिली.

"ती काय म्हणत होती?" मी विचारलं.

"मला वाटलं, 'तरसी छे' म्हणते आहे." गुजरातीत, तहान लागलीय. "मी पाणी दिलं. ती परत म्हणाली. मी परत दिलं. बिचारी, किती तहानलेली, असं म्हणाले मी सगळ्यांना…"

तठे शे. तरसी छे.

रश्मीबेननी आयुष्यात किती मुलांना वाचवलंय ते मला माहीत आहे. पण त्या दिवशी त्या खोलीत कुणीतरी एक अहिराणी बोलणारं हवं होतं. सुरतमध्ये अशी माणसं गल्लोगल्ली आहेत. तिथे एकही नव्हतं. ह्याची हळहळ माझ्या मनातून जात नाही. रश्मीबेननी त्यानंतर शिकवणं सोडलं. आग्रह केला तर म्हणतात, "आता तुम्ही शिकवा."

हेतलबेनना मी दोन-तीनदा विचारलं. त्यांना आजही काही आठवत नाही. त्या हॉलमधल्या इतरांना विचारलं तर सांगतात, हो, त्या मराठीसारखं काहीतरी बोलल्या होत्या. सुमनला त्या कधी भेटल्या नव्हत्या. चलथाणला तर पहिल्यांदाच आल्या होत्या. मी सगळ्या बाजूंनी विचार करून दमले.

राणी आता बालगृहात आहे, शाळेत जाते. ताईचं तिला मीच सांगितलं. मुलांना असं कसं सांगायचं तेही आम्हाला शिकवतात — साध्या शब्दांत, खोटं न बोलता. ती खूप रडली. पुढच्या भेटीत मात्र तिनेच विषय काढला. माझ्याजवळ बसून वेणी घालून घेत होती.

"तुमले मनं कोनी सांगं?" माझ्याबद्दल तुम्हाला कुणी सांगितलं?

"तुनी ताईनी."

"कवय?"

कधी… माझा हात थांबला. खोटं बोलायचं नव्हतं. म्हटलं, "मांगला सालले सांगं व्हतं तिनी. आमले समजनं नही."

राणीने वेणी माझ्या हातातून सोडवून घेतली आणि वळून माझ्याकडे बघितलं.

"मंग आते कसं समजनं?"

मग आता कसं समजलं… मी तिला अजून काही सांगू शकलेले नाही. तुमच्यापैकी कुणाला काही सुचत असेल तर सांगा.