साइडवॉलचा पॅच

कन्हानला रोडच्या कडेला बाबांची पंक्चरची टपरी. आम्ही पाच जण तिच्यावर जगलो. कॉम्प्रेसर बिघडला की बाबा ट्रकचे टायर हातपंपानं भरायचे. संध्याकाळी त्यांना घास उचलता यायचा नाही, आई भरवायची. त्या घरातली पहिली ग्रॅज्युएट मी. मेकॅनिकलची. हे मी अभिमानानं सांगते.

आता नागपुरात एका वर्कशॉपची सर्व्हिस इन्चार्ज आहे. एक दिवस कामठीचे एक गाडीमालक आले, सोबत त्यांचा ड्रायव्हर दिलीप. पुढच्या टायरच्या साइडवॉलला, म्हणजे बाजूच्या भिंतीला, दोन बोटं लांब चीर. आतले धागे दिसत होते.

"मॅडम, पॅच मारून द्या. उद्या भिवापूरले लग्नाले जाचं आहे."

"नाही होत. नवा टाका."

"तीन महिन्याचा टायर आहे! काहून नाही होत?"

मी समजावलं. रस्त्याला टेकणाऱ्या भागात खिळा घुसला तर आतून पॅच बसतो, टिकतो. बाजूची भिंत चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात वाकते. तिथला पॅच कधी सुटेल, सांगता येत नाही.

आमचे मॅनेजर कानाशी येऊन म्हणाले, "कस्टमर नाराज होऊन राहिला. करा ना ॲडजस्ट."

मी ऐकलं नाही. जॉब कार्डवर ‘रिपेअर नाकारला’ लिहून मालकाची सही घेतली. स्टेपनी लावून दिली. फाटका टायर डिकीत ठेवला, कारण जुनं सामान कस्टमरचं, तो परत मागतोच. तो टायर पुढे कुठे जाईल, हे टपरीवर वाढलेल्या मला कळायला हवं होतं.

दोन दिवसांनी गाडी क्रेनवर आली. उमरेडच्या पुढे टायर फुटला होता. मालक मागे बसले होते, त्यांना खरचटलं. दिलीपचा उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

मी टायर उतरवला. आत पॅच होता. चारही कोपरे कात्रीनं गोल केलेले. तसे गोल बाबाच करतात.

फोन लावला.

"बाबा, कामठीच्या गाडीले साइडवॉलवर पॅच मारला तुम्ही?"

"मारला. मालक म्हणे, स्टेपनी घासली आहे, लग्न करून येतो, मंग नवा टाकतो."

"आणि तुम्ही मानलं?"

"मी नसता मारला तं समोरच्या टपरीवाल्यानं मारला असता, बाई." मग त्यांनीच विचारलं, "काहून वं? काय झालं?"

मी सांगितलं. बाबांनी फोन ठेवला.

मॅनेजरनी विचारलं, "पॅच कोणाचा?"

"माझ्या वडिलांचा."

ते जॉब कार्ड बघत म्हणाले, "जाऊ द्या. सही आहे ना? आपण सेफ आहो."

"सही मालकाची आहे, सर. पाय दिलीपचा गेला."

मी अपघाताच्या रिपोर्टमध्ये बाबांचं नाव लिहिलं. घरी आई महिनाभर माझ्याशी बोलली नाही. मॅनेजरशी तीनदा भांडले, तेव्हा नियम झाला: नाकारलेला टायर कस्टमरसमोर ग्राइंडरनं आरपार कापायचा, मगच हातात द्यायचा. लोक शिव्या देतात. देऊ देत. टायर नाकारणं हे निम्मंच काम असतं, हे मला चार वर्षांच्या डिग्रीत कोणी शिकवलं नव्हतं.

नियमाला दोन वर्षं झाली. आम्ही नाकारलेला एकही टायर पुन्हा रोडवर गेलेला नाही.