सुई एकावर कशी आली

मीटरची सुई एकावर होती, आणि म्हणूनच तारमास्तरांच्या घशाखाली घास उतरत नव्हता.

शिलाई मशिनं दुरुस्त करण्यात मास्तरांची चाळीस वर्षं गेली, पण गल्ली त्यांना ओळखायची ती गच्चीवर ताणलेल्या अँटेनाच्या तारेवरून. थोरली बहीणही तसलीच रेडिओवेडी. ती डोंगरावर एकटी राहायची. फोनला तिथे रेंज नाही. दर रविवारी दुपारी चारला दोघं दोन्हीकडून बोलता येणाऱ्या रेडिओवर मनसोक्त भांडायची. मग मोठं वादळ झालं, दरड कोसळून घाट बंद पडला आणि त्यानंतरचे तीन रविवार ताईचा आवाजच नाही. नुसती खरखर.

आज चौथा रविवार.

"तुमच्याच यंत्रात काहीतरी बिघडलं असेल," बायको म्हणाली.

"अगं, सुई बघ! एकावर! याहून चांगला आकडाच नसतो. पाठवलेली सगळी ताकद अँटेनाने पोटात घेतली, थेंबभरसुद्धा परत आली नाही. माझ्याकडे सगळं ठणठणीत आहे. म्हणजे तिकडे ताईच..." त्यांनी ताट बाजूला सारलं.

बायको पाणीखात्यातून निवृत्त झालेली. जन्मभर गळत्या शोधलेल्या. तिने विचारलं, "ही सुई एवढी गुणी कधीपासून झाली?"

"वादळानंतर. आधी दीडवर असायची, थोडी ताकद परत यायचीच."

"कोणी हात लावला नाही आणि आपोआप सुधारली? अहो, पाणी टाकीपर्यंत पोचलंच नाही, तर टाकी भरून परत कुठून येणार? वाटेतच मुरत असेल तर?"

मास्तर ताडकन उठले. मग मीटर काखोटीला मारून जिना चढत सुटले.

गच्चीवर त्यांनी रेडिओकडून अँटेनाकडे आलेल्या केबलच्या वरच्या टोकाला मीटर जोडला. "दाब!" ते ओरडले. खाली बायकोने बटण दाबलं. रेडिओतून शंभर वॅट निघाले, गच्चीवर आठ पोचले. जोड सोडला तर केबलमधून गढूळ पाणी ठिबकलं. आतली तांब्याची जाळी काळीठिक्कर.

"चिकटपट्टी कोणी गुंडाळली होती ही?" मागोमाग वर आलेल्या बायकोने विचारलं.

"एका गाढवाने. नंतर नीट करू म्हणाला होता."

"ओळखीचं दिसतंय."

नवी केबल जोडून होईस्तोवर चारला दोन मिनिटं उरली. सुई दीडवर आली. एवढा बरा आकडा मास्तरांनी आयुष्यात पाहिला नव्हता. त्यांनी पुकारा केला. खरखर. पुन्हा पुकारा.

"कुठे मेला होतास रे?" ताई कडाडली. "तीन रविवार घसा फोडतेय! मला वाटलं, दरड तुझ्याच डोक्यात पडली. रडूनसुद्धा घेतलं मी!"

"ताई, केबलमध्ये पाणी शिरलं होतं..."

"आणि तू सुईकडे बघून खूश होत बसला असशील."

बायको तोंडाला पदर लावून हसत होती. मास्तर बोलायचं बटण दाबायचं सोडून डोळेच पुसत बसले.

"गेलास का पुन्हा?" ताईने विचारलं.

"नाही गं," मास्तर बटण दाबत म्हणाले. "आहे. इथेच आहे. तू बोल. वाटेल ते बोल."