टेराकोटाची भिंत

असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. मी लाखनीला पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते... काचेखाली दिसलं तेवढंच रिपोर्टमध्ये लिहायचं, ही सवय. म्हणूनच हे लिहायला दोन वर्षं लागली.

आमचं गाव गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात गेलं. आसगावजवळच्या पुनर्वसन वसाहतीत आम्ही सिमेंटचं घर बांधलं. जुन्या घरी आई दर सणाला लाल मातीनं, हातानंच भिंती पोतायची. नव्या घरात तिला ते काम उरलं नाही. एक दिवस मी ड्युटीवरून आले, तर ती घमेल्यात माती कालवून बसलेली – समोरच्या खोलीची अर्धी भिंत पोतून झालेली.

"आई, आत्ताच रंग दिलाय ना इथे!"

"या भिंतीले हात लावला का परकी वाटते वं," ती म्हणाली.

मी बादली आणली आणि सगळं धुऊन काढलं. तिनं घमेलं उचलून मागच्या अंगणात नेऊन ठेवलं. नंतर तिनं मातीचं नाव काढलं नाही. त्याच हिवाळ्यात ती गेली.

पुढच्या मे महिन्यात मी त्या भिंतीला टेराकोटा रंग द्यायचं ठरवलं. शेडकार्डवर तो रंग पाहून दुकानातच मला आईच्या घमेल्यातली माती आठवली होती. भाऊराव पेंटरनी पुट्टी घासली, प्रायमर मारला, रोलरनं दोन कोट दिले. भिंत अगदी गुळगुळीत. मग दार ओढून घेऊन बाबा, मी आणि भाऊराव मागच्या अंगणात जेवायला बसलो. घरात चौथं कोणी नव्हतं.

परत आलो तर रंगात अर्धगोल फराटे... बोटांचे. दारापासून सुरू झालेले, एकाला एक लागून.

भाऊरावांना वाटलं रोलर खराब झाला. त्यांनी फराटे घासले, नवा रोलर घेऊन पुन्हा कोट मारला आणि रोलर धुवायला मागे गेले. या वेळी मी दारातच खुर्ची टाकून बसले. लॅबमधून फोन आला, दोन मिनिटं खाली मान घालून बोलले. वर पाहिलं – फराटे खिडकीपर्यंत पोचले होते. मला ओलांडून कोणीही आत गेलं नव्हतं.

मी हाक मारली; बाबा आले, मागोमाग रोलर हातातच घेऊन भाऊराव. बाबा भिंतीजवळ जाऊन एका फराट्यावर वाकले.

"हे बोट पाय, वाकडं उमटलं," ते हळूच म्हणाले. "धान कापताना इळा लागला होता तिले."

भाऊरावांनी रोलर खाली ठेवला.

बाबांनी भिंतीवर तळवा टेकवला आणि जेवायला बोलवावं तितक्या साध्या आवाजात म्हणाले, "बस कर आता. हात दुखतीन."

त्यानंतर एकही नवा फराटा उमटला नाही.

भाऊराव म्हणतात, भिंतीत ओल असेल. भंडाऱ्याच्या मे महिन्यात ओल? आणि ओलीला बोटं असतात? फराटे अजून आहेत, त्यावर आम्ही रंग दिला नाही. खिडकीच्या पुढची भिंत सपाट आहे. सुट्टीच्या दिवशी मी तिथे बसते आणि वाटतं, बाबांनी तिला थांबवायला नको होतं... त्यांना हे मी अजून बोललेले नाही.