पारोळा रस्त्यावरचा दहावा दगड

वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी मी पळायला लागलो. त्याआधी शाळेतही पळालो नव्हतो. १९८९ साल होते. पत्नीला जाऊन दीड वर्ष झाले होते, मुलगी लग्न होऊन नागपूरला गेली होती. जळगावच्या एका दैनिकाचा वार्ताहर म्हणून मी धुळ्यात राहत होतो. बातम्या संध्याकाळी फोनवरून जात. सकाळ रिकामी असे आणि घरात बसवत नसे. पळण्याला दुसरे कारण नव्हते.

गावाबाहेरच्या पेट्रोल पंपापासून पारोळा रस्त्याला किलोमीटरचे दगड होते. न थांबता दहाव्या दगडापर्यंत जायचे, एवढेच ठरवले. आठ महिन्यांत तीनदा सातव्या-आठव्या दगडाशी थांबावे लागले. दम होता. पण आमच्याकडे पिकल्या केसांचा माणूस रस्त्याने पळताना दिसला, की त्याच्या घरचे कुणी वारले असेच धरतात. सायकलवाले उतरत, बैलगाड्या उभ्या राहत. अशा विचारपुशीला उत्तर न देता पुढे जाणे मला जमत नसे. थांबलो की तो दिवस बाद.

दूधवाला तेवढा सरावला होता. कॅन खडखडवत शेजारून जाताना ओरडे, “नाना, आज बी कुत्रं मांगे लागनं का?”

डिसेंबरातल्या एका रविवारी आठवा दगड मागे पडला आणि कापसाच्या शेतातून एक म्हातारा बांधावर आला.

“भाऊ, थांब! कोन गया?”

मी थांबलो नाही. नुसता हात हलवला. तो मागून ओरडत राहिला.

दहाव्या दगडाला हात लावला तेव्हा एक तास अकरा मिनिटे झाली होती. दगडावर बसलो. रस्त्यावर कोणी नव्हते. हे कुणाला सांगायचे, याचा विचार आठ महिन्यांत केलाच नव्हता.

काही वेळाने एक बैलगाडी आली. हाकणारा तोच म्हातारा. वेचणी सोडून आला होता. डोक्यावर धुतलेली टोपी, खांद्यावर उपरणे, गाडीत पाण्याची कळशी.

“बस गाडामा. कोनतं गाव? मी बी येस.”

“कोणी गेलं नाही, आबा. मी नुसताच पळतोय.”

त्याने मला नीट पाहून घेतले. “घर कोन शे?”

“कोणी नाही.”

त्याने सरकून जागा केली. “कितला पयना?”

“दहा किलोमीटर. न थांबता.”

“ते माले ठाऊक शे,” तो म्हणाला. “मी इतला वरडनू, तरी तू थांबना नही.”

त्याने पाणी दिले आणि गाडी माघारी वळवली. त्याच्या बांधापाशी मी उतरलो, तो टोपी काढून वेचणीला गेला. पुढचे आठ किलोमीटर चालत आलो. चालणाऱ्याला कुणी काही विचारले नाही.