अंगारगुहेवर ओढणी

नंदिनीची नजर तयार झाली भिवापूरच्या मिरची-सातऱ्यावर. सातरा म्हणजे जिथं बायका दिवसभर बसून मिरचीचे देठ खुडतात अन् डाग पडलेली, पांढरी झालेली फटकी मिरची वेगळी काढतात. तिची माय कांताबाई त्यातली जुनीजाणती. ती सांगे, "डोया लालाले सरावला का फटकी दिसत नाई वं. घडीभर आभायाकडे पाय, मंग ढिगाकडे."

आता नंदिनी नागपुरात, धरमपेठेतल्या एका गेम बनवणाऱ्या कंपनीत टेस्टर आहे. तयार होत आलेला गेम खेळायचा अन् बाहेर काढण्याजोगा आहे का ते लिहून द्यायचं. गावात म्हणतात, पोरगी खेळायचा पगार घेते. तीन महिन्यांची कच्ची नोकरी होती अन् शेवटचे आठ-दहा दिवस राहिले होते, तेव्हाची ही गोष्ट.

गेमचं नाव 'घुबडस्वार'. घुबडावर बसलेली चेटकीण डावीकडून उजवीकडे उडत जाते अन् वाटेत येणाऱ्या राक्षसांवर काठीतून विजा सोडते. पहिल्या दोन पातळ्यांवर नंदिनीनं चांगलंच लिहिलं होतं. घुबड वळताना पंख आखडते, हे तर तिनं दोनदा लिहिलं. तिसरी पातळी अंगारगुहेची. भिंती लाल, धूर लाल, अन् राक्षस ज्या ठिणग्या फेकतात त्याही लालच. नंदिनी एकसष्ट वेळा मेली. डोळे सरावले असतील म्हणून दर दोन मिनिटांनी खिडकीबाहेर पाहून आली, तरी ठिणगी दिसेना. मग तिनं लिहिलं, 'ठिणग्या दिसत नाहीत. गेम असा बाहेर जाऊ नये.'

ही पातळी आखली होती तिच्या वरिष्ठानं, पुष्करनं, अन् नंदिनीला कायम करायच्या कागदावर सहीही त्याचीच होणार होती.

"दिसत नाहीत, की तुला चुकवता येत नाहीत?" तो म्हणाला. "अवघड आहे म्हणूनच मजा आहे ना."

"अवघड चालते सर. पण मी मेली त माह्या चुकीनं मेली पायजे."

"टेस्टरलाच खेळता येत नसेल, तर तिचा रिपोर्ट कोण वाचणार? शुक्रवारपर्यंत तो शेरा काढून टाक."

तिनं काढला नाही. चार दिवस तीच गुहा. दिसत नाही ना, मग पाठच करायचं. गुहेत मागं ढोल वाजतो अन् ठिणग्या दर वेळी ठरल्या ठोक्यालाच येतात; ती ते ठोके मोजू लागली. सात ठोके खाली, दोन थांब, एकदम वर. वहीची पानं भरली. मायचा फोन आला.

"काय करून राहिली वं?"

"मरून राहिली."

"जेवली का?"

"जेवून मरतो."

शुक्रवारी तिनं पुष्करला बोलावलं. गुहा सुरू केली अन् अंगावरची ओढणी काढून स्क्रीनवर टाकली, दुहेरी घडी करून.

"हे काय?"

"ढोल ऐका, सर."

तिचे ओठ हलत होते, बोटं चालत होती. आजूबाजूच्यांनी काम थांबवलं. दीड मिनिटानं पातळी संपल्याची तुतारी वाजली. ओढणी काढली, तर घुबड गुहेबाहेर. एकही जीव गेला नव्हता.

"म्हणजे पार होते ना," पुष्कर म्हणाला. "मग रिपोर्ट खोटा पडला तुझा."

"न पाहता होते. आता तुमी पाहून करा."

तो बसला. दुसऱ्या वळणावर मेला. पुन्हा मेला. पाचव्या वेळी तो स्क्रीनला नाक लावून बसला होता.

"डोये उघडे ठेवून जमत नाई अन् झाकून जमते," नंदिनी म्हणाली. "मंग खेळणाऱ्यानं डोये कायले आणावे, सर?"

मागं कोणीतरी हसलं. पुष्कर नाही हसला. "हे मला तुझ्यासमोरच कळायचं होतं," एवढं पुटपुटून तो आपल्या टेबलाकडे गेला. त्या दिवशी सही झाली नाही. तिनंही विचारलं नाही, शेरा तसाच ठेवून घरी गेली.

सोमवारी तिच्या टेबलावर दोन गोष्टी होत्या. सही केलेला कागद, अन् स्क्रीनवर नवी गुहा. ठिणग्या आता निळसर पांढऱ्या झाल्या होत्या, अन् पुष्करनं त्यांचा क्रमही बदलला होता. पाठ केलेलं सगळं वाया.

कागद तिनं कीबोर्डखाली सारला अन् आधी खेळायला बसली. चौदा वेळा मेली. पंधराव्यांदा बाहेर आल्यावर लिहिलं, 'ठिणग्या दिसतात. चौदाही वेळा चूक माझी. पास.'

अन् चौथी पातळी उघडली.